जर्मनीत जपानी चहाचा छोटा व्यवसाय: सुरुवात कोणत्या चहाने आणि कोणाकडून माल घेऊन करावी?

एल्बकाठ

नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षे मी नोकरीनिमित्त हॅम्बुर्गमध्ये राहतो. त्याआधी दोन वर्षे कंपनीच्या कामासाठी जपानच्या शिझुओका प्रांतात होतो आणि सेन्चाची, म्हणजे पाने वाफवून, मळून वाळवलेल्या हिरव्या चहाची, गोडी तिथेच लागली. इकडे आल्यापासून तिथल्या एका ओळखीच्या दुकानातून दरवर्षी दोन-तीन किलो चहा मागवतो आणि त्यातला निम्माअधिक सहकाऱ्यांत वाटतो. आता हेच सहकारी पैसे देऊन मागू लागले आहेत, त्यामुळे हा उद्योग रीतसर सुरू करावा असे मनात आले आहे.

मागच्या गणेशोत्सवात मंडळातल्या लोकांना हा चहा करून दिला, तेव्हा एका काकांनी ‘पालक उकडलेल्या पाण्याला भाव काय लावणार?’ असे विचारले आणि एका काकूंनी न विचारताच त्यात दूध ओतले. त्यामुळे आपल्या लोकांत गिऱ्हाईक शोधण्याचा विचार मी सोडून दिला आहे. जर्मन लोकांत मात्र हिरव्या चहाची ओळख आहे आणि माचाबद्दल, म्हणजे चहाच्या पानांच्या बारीक हिरव्या पुडीबद्दल, तर रोज कोणी ना कोणी विचारतेच.

माझा बेत असा आहे की, पहिल्या खेपेस २० किलो माल आणावा. त्यात निम्मा माचा असावा आणि उरलेल्या निम्म्यात सेन्चा, फुकामुशी (जास्त वाफवलेला सेन्चा), ग्योकुरो (खुडणीपूर्वी सावलीत ठेवलेला), होजिचा (भाजलेला), गेनमाइचा (भाजलेले तांदूळ मिसळलेला) असे पाच-सहा प्रकार असावेत. ५० ग्रॅमच्या पिशव्या घरीच भरून त्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि शनिवारच्या बाजारात विकायच्या. कायम वास्तव्याचा परवाना असल्याने स्वतंत्र व्यवसायाला कायद्याची आडकाठी नाही, आणि नोकरी सांभाळून हे करण्यास कंपनीने लेखी संमती दिली आहे. मला मुख्यतः असे विचारायचे आहे की, माल थेट शेतकऱ्याकडून घ्यावा की घाऊक व्यापाऱ्याकडून, माचावर एवढा भर देणे शहाणपणाचे ठरेल का, आयातीत आणि चाचण्यांत नेमके कुठे अडायला होते, आणि भाव ठरवण्याची काही रीत आहे का. ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी बेतातल्या चुका निःसंकोच दाखवाव्यात.

शिझुओकाकर

एल्बकाठ, तुमचे अनुभव वाचून बरे वाटले. मी पुण्यात जपानी शिकलो आणि गेली अकरा वर्षे शिझुओका शहरात चहाच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे दुभाष्याचे आणि निर्यातीच्या कागदपत्रांचे काम करतो, तेव्हा या टोकाकडून काय दिसते ते सांगतो.

आधी माचाविषयी, कारण तुमच्या बेतातली सर्वांत मोठी जोखीम तिथे आहे. २०२४ च्या शरद ऋतूपासून माचाची टंचाई सुरू झाली आणि क्योतोतल्या जुन्या, नावाजलेल्या पेढ्यांनाही विक्रीवर मर्यादा घालाव्या लागल्या. माचा ज्यापासून दळतात त्या तेन्चा पानाचा क्योतोतल्या लिलावातला सरासरी भाव २०२५ च्या वसंतात किलोला ८ हजार येनच्या वर गेला, म्हणजे आदल्या वर्षीच्या सुमारे १.७ पट झाला. ही टंचाई चटकन भरून निघणारी नाही. तेन्चासाठी मळ्यावर खुडणीपूर्वी सुमारे तीन आठवडे आच्छादन घालावे लागते, पान मळायचे नसल्याने ते वाळवण्यासाठी वेगळी भट्टी लागते, आणि दगडी जात्यावर तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम माचा निघतो. शिवाय नवी लागवड केली तरी भरघोस खुडणीला चार-पाच वर्षे जातात. अशा बाजारात तुमच्यासारख्या नवख्या, १० किलोच्या खरेदीदाराला चांगला माचा मिळत नाही. मिळतो तो उरलासुरला, आणि तोही चढ्या भावाने. माचाच्या मोहात कित्येक शेतकरी सेन्चाकडून तेन्चाकडे वळल्याने साधा चहाही महागला आहे, इतका की २०२५ च्या शरदातल्या बांचाचे, म्हणजे उशिराच्या खुडणीच्या जाड्याभरड्या चहाचे, भाव ऐकून आमच्या पेढीतले म्हातारे लोक मान हलवत होते. तरीही ओळख नसताना दारात उभे राहायचे असेल तर सेन्चाच्या दारात राहावे, असे माझे मत आहे.

शेतकरी की व्यापारी, या प्रश्नाचे उत्तर समजायला इथली साखळी ठाऊक हवी. बहुतेक शेतकरी पाने वाफवून, मळून, वाळवून ‘अराचा’ तयार करतात. हा कच्चा माल असतो, त्यात देठ, चुरा, लहानमोठी पाने सगळे एकत्र असते. तो ‘तोन्या’ म्हणजे घाऊक व्यापारी विकत घेतात, चाळतात, देठ वेगळे काढतात, शेवटची भाजणी देतात आणि निरनिराळ्या मळ्यांचा माल मिसळून दरवर्षी सारखीच चव राखतात. या शेवटच्या भाजणीला ‘हिइरे’ म्हणतात आणि पेढीची ओळख त्यातूनच ठरते. स्वतः सगळे करून तयार चहा विकणारे शेतकरीही आहेत, त्यांची संख्या वाढते आहे, आणि परदेशी छोट्या दुकानदारांशी त्यांचे चांगले जमते.

एप्रिलच्या मध्यावर इथल्या चहाबाजारात पहिला सौदा होतो तेव्हा मी दरवर्षी पहाटे जातो. लांबलचक टेबलांवर काळ्या तबकांत नमुने मांडलेले असतात. खरेदीदार मूठभर पाने उचलून उजेडाकडे धरतो, हलकेच दाबून पाहतो आणि नाकाशी नेतो, मग पांढऱ्या वाडग्यात पाने घालून त्यावर उकळते पाणी ओततो. पिताना आपण ७० अंशांचे पाणी वापरतो, पण इथे उकळतेच वापरतात, कारण दोष झाकायचा नसतो तर बाहेर काढायचा असतो. भाव गणकाच्या मण्यांवर एकमेकांना दाखवतात आणि जुळला की विकणारा, घेणारा आणि मध्यस्थ असे तिघे मिळून तीनदा टाळ्या वाजवतात.

तुम्हाला कोणता प्रांत हवा, तेही ठरवा. २०२४ मध्ये अराचाच्या उत्पादनात कागोशिमाने शिझुओकाला पहिल्यांदाच मागे टाकले. तिथले मळे सपाट आणि मोठे आहेत, यंत्राने खुडणी होते आणि निर्यातीचा विचार करून केलेली सेंद्रिय शेतीही तिथे बरीच आहे. शिझुओकाचे डोंगरउतारावरचे मळे छोटे आहेत आणि ते कसणारे हात म्हातारे होत चालले आहेत. मी शिझुओकाचे मीठ खातो, तरी युरोपसाठी पहिली चौकशी कागोशिमात करा असेच सांगेन. त्याचे कारण या मंचावरच्या ‘मोजमाप’ माझ्यापेक्षा नीट सांगतील.

मोजमाप

शिझुओकाकरांनी चेंडू माझ्याकडे टोलवलाच आहे. मी नेदरलँड्समध्ये अन्नपदार्थांच्या प्रयोगशाळेत काम करते आणि दर उन्हाळ्यात जपानी चहाचे नमुने माझ्या टेबलावर येतात.

एल्बकाठ, तुम्ही चवीवरून चहा निवडायला निघाला आहात, पण युरोपात कोणता चहा विकता येईल हे पान खुडण्याआधीच, फवारणीच्या वेळी ठरून गेलेले असते. जपानी मळ्यांवर तुडतुडे, फुलकिडे, कोळी आणि बुरशीजन्य करपा यांसाठी फवारण्या होतात आणि त्या जपानच्या नियमांत पूर्णपणे बसतात. अडचण अशी की, दोन्हीकडच्या मर्यादा वेगळ्या आहेत. डिनोटेफ्युरान या कीटकनाशकाचे उदाहरण घ्या. जपानमध्ये चहासाठी त्याची मर्यादा २५ पीपीएम (दहा लाख भागांत २५ भाग) आहे. युरोपीय संघात ज्या घटकासाठी वेगळी मर्यादा ठरवलेली नाही त्याला सरसकट ०.०१ पीपीएम लागू होते, आणि हा घटक त्यातच मोडतो. म्हणजे फरक अडीच हजार पटींचा झाला. जपानमध्ये निर्धोकपणे आणि कायदेशीरपणे विकला जाणारा, चवीला अव्वल असलेला चहा इथे विक्रीयोग्य नसतो. तो विषारी असतो असे नव्हे, पण ०.०१ ही बहुधा उपकरणाने विश्वासाने मोजता येणारी खालची पातळी असते आणि कायदा तिथे ‘थोडेसे’ ऐकून घेत नाही.

म्हणून विकणाऱ्याला पहिल्याच पत्रात दोन गोष्टी विचाराव्यात: हा मळा युरोपसाठी ठरवलेल्या फवारणीच्या वेळापत्रकाने कसला जातो का, आणि याच वर्षीच्या, याच लॉटचा अवशेष-तपासणी अहवाल आहे का. मागच्या वर्षीचा अहवाल उपयोगाचा नाही. शेजारच्या मळ्यातून वाऱ्याबरोबर उडून येणारे तुषार हाही खरा धोका आहे. सेंद्रिय नमुन्यांतसुद्धा मला ते सापडतात. जपानच्या कृषी मंत्रालयाने आयात करणाऱ्या देशांच्या मर्यादा ध्यानात घेऊन निर्यातीसाठी कीडनियंत्रणाचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे, त्यामुळे विचारल्यावर गोंधळून जाणारा विक्रेता बहुधा निर्यातीतला नसतो.

किरणोत्साराची भीती अजूनही गिऱ्हाईक बोलून दाखवते. २०११ च्या फुकुशिमा अपघातानंतर लावलेले आयातीवरचे विशेष निर्बंध युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ मध्ये उठवले आहेत, एवढे सांगता आले तरी पुरते.

चहाटळ

वर दोघांनी जे सांगितले ते मला सात वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते तर माझे पहिले वर्ष वाया गेले नसते. मी दक्षिण जर्मनीत एक लहान दुकान आणि ऑनलाइन विक्री चालवतो.

पहिल्या वर्षी मीही बारा प्रकार आणले होते. सगळे स्वतः चाखून निवडले होते, आणि त्यांतला सर्वांत आवडता १५ किलोंचा सेन्चा एका व्यापाऱ्याच्या ‘आमच्याकडे सगळे तपासलेलेच असते’ या शब्दावर घेतला. माल आल्यावर केवळ मनाच्या समाधानासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवला आणि अहवालात वर मोजमापांनी सांगितलेलाच घटक ०.०८ निघाला. पंधराच्या पंधरा किलो चहा विकता आला नाही, परतही घेतला गेला नाही. तो व्यापारी खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. त्याने तपासले होते, पण जपानच्या मर्यादेनुसार.

या अनुभवातून मला जो हिशेब उमगला तो तुमच्यासाठी सविस्तर मांडतो. एका लॉटच्या तपासणीला मला सुमारे २५० युरो पडतात, मग तो लॉट ४ किलोंचा असो की ४० किलोंचा. एकाच लॉटचा २० किलो चहा आणला तर किलोमागे साडेबारा युरो पडतात. तेच पाच प्रकार चार-चार किलो आणले तर किलोमागे साडेबासष्ट, म्हणजे चहाच्या किमतीच्या दुप्पट! दुकानात किती प्रकार ठेवायचे हे माझ्या बाबतीत रसिकता ठरवत नाही, हा आकडा ठरवतो. माझ्याकडे आज चारच चहा आहेत. आता २० किलोंच्या एका लॉटचा माझ्या वहीतला हिशेब पाहा. चांगला पहिल्या खुडणीचा सेन्चा किलोला ५ हजार येन, म्हणजे साधारण ३० युरो, हवाई टपालाचे १४, त्यावर ७ टक्के आयात-व्हॅटचे ३, तपासणीचे साडेबारा, आणि वीस पिशव्या, लेबले, खोकी मिळून १२. बेरीज साडेएकाहत्तर युरो, म्हणजे ५० ग्रॅमच्या पिशवीला साडेतीन युरोंच्या थोडे वर. ती मी साडेनऊला विकतो. सहाला दुसऱ्या दुकानाला दिली तरी चालते, पण त्याखाली गेलो तर फुटलेल्या पिशव्या, फुकट वाटलेले नमुने आणि माझा वेळ यांचे पैसे निघत नाहीत. येनवरही लक्ष असू द्या. २०२० मध्ये एका युरोला १२० येनच्या आसपास मिळत, नंतर ते १६० च्या पुढे गेले. आज आपला धंदा काही प्रमाणात त्या फरकावर उभा आहे, आणि तो फरक आपल्या हातात नाही.

आयात शुल्काचा बाऊ करू नका. ३ किलोपेक्षा मोठ्या पिशवीतून येणाऱ्या हिरव्या चहावर युरोपीय संघात शुल्क नाही. लहान पाकिटांवर ३.२ टक्के आहे, पण २०१९ मध्ये लागू झालेल्या जपान-युरोपीय संघ करारामुळे विक्रेत्याने बिलावर मूळ देशाचे ठरावीक विधान लिहिले तर तेही शून्य होते. सीमाशुल्कासाठी ईओआरआय, म्हणजे आयातदाराचा ओळख क्रमांक, आधी काढून ठेवा. गंमत म्हणजे इथे भाजलेल्या कॉफीवर किलोला २.१९ युरोंचा स्वतंत्र कर आहे, चहावर मात्र १९९३ पासून नाही, त्यामुळे शेजारचा कॉफीवाला आपल्याकडे जरा असूयेनेच पाहतो. व्यवसायाची नोंदणी, पिशव्यांसाठी ‘लुसिड’ या वेष्टन-नोंदवहीत नाव, लेबलवर जर्मन भाषेत मजकूर, लॉट क्रमांक आणि संकेतस्थळावर किलोमागचा भाव हे सगळे एका आठवड्यात उरकते. मात्र दोन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक म्हणजे ‘सेंद्रिय’ किंवा ‘बायो’ हा शब्द. जपानचे सेंद्रिय प्रमाणपत्र युरोपात मान्य आहे, पण आयात करणारा म्हणून तुम्ही स्वतःही प्रमाणित असावे लागते आणि प्रत्येक खेपेला तपासणीचे वेगळे प्रमाणपत्र लागते, तेव्हा ते होईपर्यंत हा शब्द लेबलवर किंवा संकेतस्थळावर कुठेही येऊ देऊ नका. दुसरे म्हणजे आरोग्याचे दावे. ‘वजन घटते’, ‘कर्करोग टळतो’ असले काहीही लिहिले की स्पर्धकाच्या वकिलाची नोटीस आलीच म्हणून समजा.

साठवणीविषयी थोडके सांगतो. नायट्रोजन भरलेल्या बंद पिशव्या शीतकपाटात ठेवाव्यात, पण भरायला काढल्यावर त्या खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, म्हणजे निदान अर्धा दिवस, उघडू नयेत. थंड पिशवी घाईने उघडली की हवेतला ओलावा पानांवर बसतो आणि दोन आठवड्यांत हिरवा रंग पिवळसर पडतो. आणि स्वयंपाकघरात चहा भरू नका. मी पहिल्या हिवाळ्यात तसे केले होते. आईने पाठवलेला गोडा मसाला त्याच कपाटात होता, आणि एका जर्मन गिऱ्हाइकाने ‘या चहात दालचिनीची छटा फार सुरेख आहे’ असे कौतुक लिहून पाठवले.

गवतीचहा

एवढ्या जाणकारांत मी केवळ पिणारी आहे, पण आपल्या लोकांत गिऱ्हाईक नाही हे मला मान्य नाही. काकांना होजिचा द्यायला हवा होता. तो भाजलेला असल्याने पालकाची आठवण येत नाही, उकळत्या पाण्याने केला तरी कडू होत नाही, आणि चिवड्याबरोबर इतका छान लागतो की आमच्या घरी दुपारचा चहा आता तोच असतो. काकूंनी दूध घातले तरी बिघडत नाही. जपानमध्ये काळा चहाही होतो, त्याला ‘वाकोचा’ म्हणतात. तादा मोतोकिची नावाचे गृहस्थ १८७६ मध्ये काळा चहा शिकण्यासाठी जपान सरकारतर्फे दार्जिलिंग आणि आसामला आले होते आणि परतताना बियाणे घेऊन गेले. ‘बेनिहोमारे’ हे जपानी काळ्या चहाचे वाण त्याच बियाण्याच्या वंशातले. हे सांगून मंडळात एक वाटी चहा पाजलात तर निदान कोणी पालक म्हणणार नाही.

एल्बकाठ

सर्वांचे मनापासून आभार. चहाटळ, साडेबासष्ट युरोंचा आकडा वाचून मी माझी यादी पुन्हा उघडली आणि माचा, ग्योकुरो, गेनमाइचा हे तिन्ही खोडले. आता कागोशिमाचा एक सेन्चा आणि गवतीचहा यांच्या आग्रहाखातर एक होजिचा, असे दोनच लॉट दहा-दहा किलोंचे आणायचे ठरवले आहे. मोजमाप, तुमचे दोन प्रश्न पत्रात जसेच्या तसे घालतो. एकच शंका उरली आहे: पत्र कधी पाठवावे आणि नमुने मागताना किती मागणे रीतीला धरून होईल?

शिझुओकाकर

नव्या वर्षाची गडबड ओसरल्यावर, फेब्रुवारीत पाठवा. कागोशिमाची पहिली खुडणी आमच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीलाच चालू होते आणि ‘हाचिजुहाचिया’ म्हणजे वसंतारंभापासूनची अठ्ठ्याऐंशीवी रात्र, जी मेच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला येते, त्या सुमारास कोणी पत्राला उत्तर देत नाही. तीन विक्रेत्यांकडून प्रत्येकी ५० ग्रॅम मागा, त्याचे पैसे देऊ करा, आणि नवा माल लगेच न घेता जून-जुलैमध्ये, अहवाल हाती आल्यावर उचलू असे स्पष्ट लिहा. त्याने कोणी नाराज होत नाही.

नमुने आले की ते हॅम्बुर्गच्या नळाच्या पाण्यातच करून पाहा. इथले पाणी मऊ आहे, तिकडचे त्याहून जड आहे, आणि जड पाण्यात नाजूक, कमी वाफवलेला सेन्चा पार मुका होतो. जास्त वाफवलेला फुकामुशी बराच तग धरतो. ५ ग्रॅम पाने, ७० अंशांचे २०० मिलिलिटर पाणी, एक मिनिट. तिन्ही नमुने शेजारीशेजारी मांडा आणि चाखायला त्या पालकवाल्या काकांनाही बोलवा.